शकुनकाकीच्या रेकॉर्ड प्लेयरची घूं

१९८१ साली मी पोस्टानं रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट काचेत मढवून देवांच्या फोटोंशेजारी टांगलं. आसगावात तेव्हा अकरा रेडिओ होते. त्यातले सात मी हात लावायच्या आधी चांगले वाजायचे.

शेजारच्या शकुनकाकीकडे रेकॉर्ड प्लेयर होता. तिचे यजमान मधुकरराव वारल्यापासून तो पेटीतच होता. त्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर तिनं तो बाहेर काढला, तर गाण्यापेक्षा मोठ्यानं नुसतं ‘घूं’ ऐकू यायला लागलं. तिनं मला बोलावलं.

“सुईच्या दांडीले बोट लावलं का आवाज कमी होते, जागेश्वर.”

“हे टेक्निकल काम आहे, काकी. तुम्ही चहा मांडा,” मी शहरी मराठीत म्हणालो.

मी ॲम्प्लिफायर उघडला, दोन कंडेन्सर बदलले, प्लग उलटा लावून पाहिला, खाली गोणपाटही घातलं. घूं तशीच. तिसऱ्या दिवशी घरी जाऊन चोरून कोर्सचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, दांडीला बोट लावल्यावर घूं कमी झाल्यास दांडीची अर्थिंगची तार तुटली असे समजावे.

मी गंभीर चेहऱ्यानं काकीला सांगितलं, “दोष दांडीत आहे.”

“असं का?” ती म्हणाली. बस, इतकंच.

दांडी आतून पोकळ. तिच्यातून केसाएवढ्या तीन तारा गेलेल्या. त्या मी एका झटक्यात उपसून काढल्या. मग नव्या तारा घालायला लागलो, तर त्या वळणावर अडकायच्या. तासभर घाम गाळला. काकी तांदूळ निवडत पाहत होती.

“जुन्या तारेले नवी बांधून ओढाची होती ना बापू. नाडी ओवतो तशी.”

“आता काय करू?”

“आता सरक.”

तिनं नळीत शिलाईचा दोरा घातला आणि दुसऱ्या तोंडाला ओठ लावून ओढला. दोरा सुळकन बाहेर आला. नव्या तारा सारख्याच तांबूस, म्हणून तिनं प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना लाल, पांढरा, काळा असे धागे बांधले आणि शिलाईच्या दोऱ्याला बांधून त्या हळूहळू ओढून घेतल्या.

“काळी कायची?”

“अर्थिंगची,” मी म्हणालो. निदान एवढं तरी मला येत होतं.

कथलाचा डाग देऊन मी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. घूं इतकी वाढली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

“मोटरच गेली आहे,” मी निदान केलं.

काकीनं चष्मा लावला. “खालून काळा धागा पत्र्याले आहे. मंग वर तो दांडीले सोडून सुईच्या डबीले काहून लागला?”

“टेस्टिंगसाठी मुद्दाम लावला होता,” मी म्हणालो. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तिनं डाग द्यायची कांडी माझ्या हातातून घेतली आणि तो डाग स्वतःच दिला. घूं गेली. तबला स्वच्छ वाजला आणि ओळ सुरू व्हायच्या आधी गाणारीनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

काकी थबकली. “हे यायले बी कधी आयकू आलं नसन,” ती मधुकररावांच्या फोटोकडे पाहत म्हणाली आणि तीच बाजू पुन्हा लावली. मी साहित्य आवरत बराच वेळ तिथंच रेंगाळलो.

निघताना तिनं विचारलं, “ते पुस्तक मले वाचाले देशीन?”

दिलं. दिवाळीपर्यंत गावातले बिघडलेले रेडिओ तिच्या ओसरीवर यायला लागले. मीही रोज जायचो. बारीक डाग ती द्यायची, झाकणाचे स्क्रू मी लावायचो.