बर्फात ठेवलेली बाटली

मी इन्सुलिनची बाटली बोलतेय. मुक्काम बीबी, तालुका लोणार. उकंडरावांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. काच शाबूत, बूच घट्ट, औषध निम्म्याहून जास्त शिल्लक. बघणाऱ्याला वाटेल, चांगली बाटली आहे. त्याचीच मला भीती वाटते.

माझं औषध कारखान्यात तयार झालं. इन्सुलिन कसं बनवायचं याची कृती माणसाच्या पेशीत, डीएनए नावाच्या लांबलचक रेणूत, चार अक्षरांत लिहिलेली असते. कारखान्यात ती कृती जिवाणूंच्या हाती दिली. त्या बिचाऱ्यांना इन्सुलिनचा काडीचा उपयोग नाही, पण लिहिलं होतं तसं ते इमानेइतबारे बनवत राहिले. माणसं सूचना इतक्या नीट वाचत नाहीत, हे मला पुढे कळलं.

इन्सुलिन हे एक प्रथिन. अमिनो आम्लांच्या एक्कावन्न मण्यांचं. एक माळ एकवीस मण्यांची, दुसरी तीस. गंधकाच्या गाठींनी त्या एकमेकींना बांधलेल्या, आणि मग ठरावीक घड्या. सगळी करामत त्या घड्यांत. आकार बरोबर असेल तर इन्सुलिन पेशीच्या कुलपात बसतं आणि रक्तातल्या साखरेला आत वाट मिळते. आकार बिघडला की मणी तेच, क्रम तोच, पण कुलूप काही उघडत नाही.

काजल ही उकंडरावांची नात, नववीत शिकते. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ती स्वतःच पोटाला सुई टोचून घेते, तोंडही वाकडं न करता. तिची आई कोकिळा मला ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवायची. तिथे मी सुखात होते.

एप्रिलात घरी फ्रिज आला आणि कोकिळेने मला मधल्या कप्प्यात ठेवलं. उकंडरावांना ते पटेना. त्यांनी उभा जन्म गाई-म्हशी सांभाळल्या. गाय भरवायला येणारा डॉक्टर वळूचं रेत बर्फाहून थंड पिंपात गोठवून आणतो, आणि वळू मरून गेल्यावरही त्यातून ठणठणीत कालवड जन्मते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग नातीचं औषध त्या मानाने कोमट का ठेवायचं? रात्रीची जेवणं झाली की ते मला गुपचूप बर्फाच्या कप्प्यात सरकवत. पहाटे काढून, औषध पातळ होईपर्यंत दोन्ही मुठींत धरून बसत. खरं सांगते, इतक्या मायेने मला कोणी धरलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्यावर रागही धरता येत नाही.

पण रेत खास द्रावणात घालून गोठवतात, आणि त्यात मुख्य जपायची असते ती डीएनएत लिहिलेली कृती. ती गारठ्याला पुरून उरते. इन्सुलिन म्हणजे कृती नव्हे, त्या कृतीने केलेला पदार्थ. भाकरी कशी करायची तो कागद कुठेही ठेवा, टिकेल. भाकरीचं तसं नाही. माझ्या पोटात घड्या मोडल्या, मणी एकमेकांना चिकटून गोळा झाले.

चौथ्या दिवशी काजलला तहान आवरेना. यंत्रावर साखर चारशेच्या वर गेली. तिचे वडील भागवत यांना वाटलं, पोरीने चोरून आमरस खाल्ला. ते तिला नाही नाही ते बोलले. ती भिंतीला टेकून एवढंच म्हणाली, "म्या काहीच नाही खाल्लं बाबा. सुई बी रोज घेतली." कोणाला खरं वाटेना. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी गप्प बसले नसते.

काजलने मला खिडकीच्या उजेडात धरलं. औषधात बारीक पांढरे दाणे तरंगत होते. हे कशाचे, असं तिने विचारलं तेव्हा उकंडरावांचा चेहरा उतरला. गप्प राहिले असते तर कोणाला पत्ता लागला नसता.

"तिले काऊन बोलून राह्यला?" ते मुलाला म्हणाले. "बाटली म्याच बरफात ठेवत होतो. रोज."

भागवतांनी लगेच गाडी काढली. काजलला गाडीवर मधे बसवून दोघा बाप-लेकांनी मेहकरचा दवाखाना गाठला. तीन दिवस सलाईन, मग नवी बाटली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर उकंडराव स्वयंपाकघरात पाऊल ठेवीनात. तेव्हा काजलने नवी बाटली त्यांच्याच हातात दिली. "मधल्या खणात ठेवा, आबाजी. आतापासून हे काम तुमचंच." म्हाताऱ्याला रडू आवरलं नाही. मलाही बरं वाटलं.

मात्र कोकिळेच्या हातून अर्धी बाटली फेकवत नाही. अडीनडीला कामी येईल म्हणून तिने मला या डब्यात ठेवलंय.

जुनी वस्तू सहसा विनवते की मला टाकू नका. माझं उलट आहे. काजल, एखाद्या दिवशी नवी बाटली संपेल, औषधाचं दुकान बंद असेल, आणि तुझी आई हा डबा उघडेल. दाणे तेव्हा तळाशी बसलेले असतील. वरून मी पूर्वीसारखीच दिसेन, आणि तू विश्वासाने सुई भरशील. त्या दिवसाची मला धडकी भरते. उद्या दवाखान्यात जाशील तेव्हा मला तिथल्या कचऱ्यात दे, पोरी. तुला जगवायला मी या घरात आले होते. आता मला टाकलंस तरच ते होईल.