बिनसापाची सापशिडी

मी फळा बोलतोय. घाबरू नका, पाढे विचारणार नाही. मलाच बारानंतरचे येत नाहीत. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं, म्हणजे चौथीच्या वर्गात भिंतीला टेकून अर्धी हयात गेली. दरवर्षी नवी पोरं यायची, पास होऊन पुढे जायची, आणि मी आपला तिथेच. माझ्याएवढा नापास गडी अख्ख्या कोरपना तालुक्यात शोधून सापडायचा नाही.

जन्म माझा आलापल्लीच्या जंगलातला. अस्सल सागवान आहे मी. तिथे अस्वलं पाठ घासायला यायची, इथे मास्तर यायचे. फारसा फरक जाणवला नाही. तपासणीला साहेब आले की मी मुद्दाम खडूखाली किर्रर्र करायचो. साहेब दात आवळून धरायचे, पोरं गालात हसायची. तेवढीच माझी करमणूक.

उन्हाळ्याच्या सुटीत मला काळा रंग द्यायला कय्यूम पेंटर यायचा. रंग देता देता गायचा. गळा असा, की माझी किर्रर्र त्यापुढे गोड वाटावी. पुढे शाळेने भिंतीवरच सिमेंटचा फळा करून घेतला आणि मला कय्यूमला देऊन टाकलं. त्याने मला दुकानाच्या ओट्याशी उभा केला आणि माझ्या अंगाला ब्रश पुसू लागला. हिरवा पुसला की समजायचं, आज कृषी केंद्राची पाटी. भगवा, निळा, लाल असं सगळंच पुसलं, की निवडणूक आली.

आता त्या दिवसाचं सांगतो. समोरच्या चक्कीच्या भिंतीवर कय्यूम शिडी लावून अक्षरं काढत होता. खाली शिडी धरायला भैयाजी. कापूसवाला शेतकरी, कय्यूमचा लंगोटीयार. दिवसभर तोंड चालू. एक तर बोलणं, नाहीतर खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू न् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, आणि तो घोटायला दोन्ही हात लागतात. आमच्याकडचा माणूस आहेर एका हाताने देईल, पण खर्रा दोन्ही हातांनीच घोटेल. भैयाजीला तलफ आली. त्याने शिडी सोडली.

‘येथे गहू, ज्वारी, मिर’ एवढं झालं होतं. मग धप्प!

पाय मोडला, पाय जोडला गेला. माणूस काही जोडला गेला नाही. कय्यूमने ब्रश खुंटीला टांगले, गाणं बंद केलं, भैयाजीशी बोलणं बंद केलं. ओट्यावर खाट टाकून, चक्कीकडे पाठ करून बसायला लागला. वर्ष उलटलं तरी भिंतीवर ‘मिर’च. माझ्यासारखीच ती, शाळा अर्धवट सोडलेली. दळणाला आलेल्या बाया चक्कीवाल्याला छळायच्या, “काऊन भाऊ, आज मिर दळून देता का?” मी हसायचो, पण हळूच. खाट जवळच होती.

कय्यूमची बायको शकिला शिवणकाम करायची. नवरा शिडीवर चढत नाही याचं तिला दुःख नव्हतं. घरात कोणी बेसूर गात नाही, याचं होतं. बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. मग दोन हजार तीनच्या हिवाळ्यात, कापूस वेचून माणसं मोकळी झाली तेव्हा, तिने एका रविवारी मला ओढत अंगणात आणलं आणि आडवा घातला.

शेजारच्या भाजीवाल्या धुरपताबाईला ती म्हणाली, “दुपारी या, सुनेलेबी आणा. सगळे मिळून सापशिडी रंगवू. काई घाई नाई, भजे खात खात.”

“मले चूल सारवता येते, भाभी. चित्र कुठून येईन?”

“मले तरी कुठी येते? म्हणून तर बोलावून राह्यली.”

बाई हुशार. ज्याला चित्र येतं, त्याला ती एका शब्दाने ‘ये’ म्हणाली नाही. तो खाटेवर होताच की, भिंतीकडे तोंड करून.

दुपारी धुरपता आली, तिची सून पुनम आली. भैयाजी कुंपणापाशीच घुटमळत होता. शकिलाने त्याच्याही हातात ब्रश दिला. मग खडू चोळलेला दोरा माझ्यावर ताणून तिने टिचकी मारली. रेघा उमटल्या आणि मला अशा गुदगुल्या झाल्या, काय सांगू! शंभर घरं पडली. ज्याने त्याने आपापली वाटून घेतली. कोणी मोहाचं झाड काढलं, कोणी बैल. धुरपताचा बैल चूल म्हणूनही चालला असता.

शिड्या सगळ्यांनी काढल्या. हौसेने काढल्या. साप मात्र कोणीच काढेना.

“नाग काढला का लाह्या वाहा लागते,” धुरपता म्हणाली. “पूजा केल्यावर त्याच्या डोक्यावर सोंगटी ठेवाची? मी नाई बा.”

“मंग वाघ काढू,” पुनम म्हणाली.

“वाघ तर त्याहून मोठा देव!”

झालं. माझ्या अंगावर शिड्याच शिड्या. तेही शिडीवरून पडलेल्या माणसाच्या अंगणात! शकिलाच्या हे ध्यानात आलं तेव्हा रंग सुकला होता. ती चोरून खाटेकडे बघू लागली. मी म्हटलं, बाई, आता तू भजीच तळ.

डाव मांडला. पुनमने फासा टाकला, चढली. परत टाकला, चढली. बघता बघता शंभरावर.

“झालं?” धुरपताने विचारलं.

“झालं, आत्याबाई.”

“मंग आता?”

“आता काय, भजे खा.”

भैयाजी म्हणाला, “उतरायले काईतरी पाहिजे बा. नुसतं चढून चढून माणूस कंटाळते.”

खाटेवरून आवाज आला, “उतरवायचं त्यालेच सांगा. त्याले लय चांगलं जमते.”

वर्षभरात भैयाजीबद्दल कय्यूम बोललेलं ते पहिलं वाक्य. भैयाजीची मान खाली गेली. शकिलाच्या हातातला झारा तसाच राहिला. कय्यूम लंगडत आला, माझ्यावर वाकला.

“ही शिडी कोणाची?”

“माही,” भैयाजी पुटपुटला.

“हिचा एक पाय कोरपन्यात अन् दुसरा जिवतीत! शिडी अशी उभी राह्यते का? सरक तिकडं.”

आणि ब्रश घेतला. आधी शिडीचे पाय सरळ केले. मग वरच्या एका घरात काहीतरी काढू लागला. मला पाठीवरूनच समजलं. आधी नाक, बराच वेळ नाकच. मग मिशा, मग पन्नी, मग पन्नीत गुंतलेले दोन हात. तिथून खालपर्यंत उलटा पडणारा एक माणूस, लुंगी हवेत, रंगाचा डबा डोक्यावर.

“अवं माय! हे तं भैयाजीभाऊ!” धुरपता पदर तोंडाला लावून हसली.

“माहं नाक एवढं मोठं काऊन काढलं, कय्यूमभाई?”

“जागा कमी पडली. नाईतर बराबर काढलं असतं.”

शकिला म्हणाली, “अजी, त्या दिवशी तुम्ही पायजमा घालून होते.”

“पडताना लुंगीच शोभते,” कय्यूम म्हणाला, आणि आपल्याच पडण्याकडे बघून खो खो हसला. मग दुसरा भैयाजी काढला, तिसरा काढला. जिथे जिथे भैयाजी, तिथून तिथून कय्यूम खाली. काढता काढता गुणगुणायला लागला. शकिलाने भज्यांचं पीठ तसंच ठेवलं आणि ऐकत बसली. एवढं बेसूर गाणं एवढं मन लावून ऐकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या आठवड्यात शिडी पुन्हा चक्कीच्या भिंतीला लागली. खाली भैयाजी, दोन्ही हात शिडीला, तोंड मिटलेलं. खर्र्याची पुडी शकिलाच्या मुठीत. ‘मिर’पुढे ‘ची’ लागला, आणि दळणाच्या बायांची थट्टा कायमची बुडाली.

आता मी म्हातारा झालो. ओट्याशी टेकून असतो, संध्याकाळी कोणी ना कोणी मला अंगणात आडवा घालून डाव मांडतं. सोंगट्या घासून घासून भैयाजीचं नाक निम्मं झिजलंय. तो म्हणतो, आता बराबर झालं.

तुम्हीही या कधी. भैयाजीवर आलात तर पडाल, त्याला इलाज नाही. फक्त डाव संपल्यावर मला उचलून ओट्याशी ठेवाल ना, तेव्हा दोन्ही हातांनी धरा. खर्रा मग घोटा.