पातेल्यात उरलेला भात

छापखान्यातलं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं तेव्हा नवऱ्याचं तोंड उतरलं आणि बायकोने कंबर कसली. घरात खाणारी चार तोंडं: ती दोघं, शाळकरी लेक आणि सासरे. काहीही होवो, यातलं कुणी अर्धपोटी राहणार नाही, एवढीच तिची जिद्द. फ्लॉवरचे दांडे, वाटाण्याची सालं, गाजराचे शेंडे, सगळं उकळून ती सूप करायची. बाजार उठायच्या वेळी मऊ पडलेले टोमॅटो निम्म्या भावात आणायची. ती लांबून दिसली की भाजीवाला टोपलीच झाकतो, असं नवरा चिडवायचा.

तांदूळ मोजायला कान तुटलेला कप होता. रोज दोन कप. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, सगळे जेवून उठले तरी पातेल्यात भात उरतोय. पोट भरलं म्हणत सासरे उठायचे, नवरा उठायचा, एरवी पातेलं खरवडणारी लेकसुद्धा उठायची. तिने माप थोडं कमी केलं. तरी उरला. आणखी कमी केलं. तरीही उरलाच. स्वयंपाक करणारीने शेवटी जेवायचं, ही तिच्या आईची शिस्त. ती शेवटी बसायची, सूपच पिऊन उठायची आणि तो भात सकाळी सगळ्यांना कांद्यावर परतून द्यायला झाकून ठेवायची. आमचं चौघांचं दीड कपात भागतं, असं ती शेजारणीला अगदी तोऱ्यात सांगायची.

मग तिची बहीण आजारी पडली आणि ती एक रात्र तिकडे राहिली. घरी नवऱ्याने भात लावला. नवं माप त्याला कुठलं ठाऊक? त्याने आपले जुनेच दोन कप टाकले. सकाळी ती परतली तर पातेल्यात शीतही नाही. दीड कपात चौघांचं भागून उरतं आणि दोन कप तिघांनी फस्त केले? पाहुणे आले होते का, असं तिने लेकीला विचारलं.

"कुणी नाही आलं. तू नव्हतीस ना, मग कुणासाठी ठेवायचं?"

"म्हणजे?"

"तू शेवटी जेवतेस. बाबा म्हणाले, आईपुरतं ठेवूनच उठायचं. आजोबा पण तसंच करतात."

तिने रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्यासाठी राखलेला घास ती सकाळी त्यांनाच वाढत होती आणि वर माप कमी करत होती. स्वतःच्या हुशारीची तिला लाज वाटली. त्या तिघांच्या मायेने रडूही आलं.

संध्याकाळी तिने पुन्हा दोन कप, तेही काठोकाठ भरून घेतले. चार ताटांत सारखं वाढलं, रिकामं पातेलं सगळ्यांना दाखवलं आणि त्यांच्याबरोबरच जेवायला बसली. सासऱ्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि पहिला घास घेतला. चारही ताटं स्वच्छ झाली. लेकीने बोटं चाटली.

"आई, अजून आहे?"

कित्येक दिवसांत हा प्रश्न तिच्या कानावर पडला नव्हता. भात नव्हता. ती उठली आणि कप घेऊन तांदळाच्या डब्याकडे गेली.