एक्केचाळीस लेकरांची नावं

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. नऊ ओळींची. कॉम्प्युटरने कोणतं काम कसं करायचं, ते सांगणारी चिठ्ठी समजा. फोटोच्या फाइलमधला मजकूर एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

फोटोत चेहरा दिसतो. पण फाइलच्या पोटात न दिसणारे रकानेही असतात: शीर्षक, टीप, तारीख. वारंगा फाट्यावरचे फोटोग्राफर किसनसिंग तांड्यातांड्यावर फिरले, नऊ हजार फोटो काढले आणि प्रत्येकाच्या टिपेत माणसाचं नाव-गाव लिहून ठेवलं. मागच्या साली त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. दुकान लेक निता बघू लागली. तेवढ्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावरचा अल्बम फक्त शीर्षक दाखवायचा, आणि तिथे जुन्या कॅमेऱ्याने आपोआप टाकलेले दोनच शब्द होते: 'डिजिटल कॅमेरा'.

एका सकाळी किसनसिंगांच्याच तांड्यावरची पारुबाई दुकानात आली.

"माझ्या पुनमचा फोटो पायजे, माय. तांड्याच्या शाळंत तुझ्या बानं काढला व्हता. आमी ऊसतोडीला गेलो, आणायचा राहिला. मंग पोरगी तापानं गेली."

"शाळेचे फोटो हायत, काकी. बघा की, ओळखू येईल."

पारुबाई हलली नाही. "न्हाई. तू नावावरून काढ. मी तिचं तोंड इसरून राहिले."

निताने लगेच मला लिहायला घेतलं. टिपेतलं नाव शीर्षकात न्यायचं, की अल्बममध्ये 'पुनम' लिहिताच फोटो समोर येईल. आधी शाळेच्या फोल्डरवर करून बघू, असं तिने ठरवलं. एक्केचाळीस लेकरं. डिस्क भरत आली होती, म्हणून जुनी प्रत ठेवू नको, अशीही एक ओळ तिने मला दिली.

माझ्या भाषेत जिथे ठेवायचं तो रकाना आधी लिहितात आणि जिथून घ्यायचं तो नंतर. निताने माणसं बोलतात तसं लिहिलं: आधी कुठून, मग कुठे. मी विचारलं नाही. मला विचारता येत नाही. सांगितलं तसं केलं, आणि दोन सेकंदांत एक्केचाळीस टिपांमध्ये 'डिजिटल कॅमेरा' लिहून मोकळी झाले. नावं पुसली गेली.

निताला कळलं तेव्हा तिचा हात माऊसवरच राहिला. शेजारी खुर्चीत बसलेले किसनसिंग पडद्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं असावं. डावा हात उचलून त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"काकी," निता म्हणाली, "चूक झाली माझी. नावं गेली."

"अन् फोटो?"

"फोटो हायत. कोणतं लेकरू कोणाचं, ते न्हाई समजत."

पारुबाईने खुर्ची ओढली. "दाव मंग."

निता एकेक फोटो पुढे सरकवू लागली.

"हा प्रेमदास. आता ट्रॅक्टर चालवतो. ही चंदाबाईची, बाळापूरला दिली. हा वसरामचा धाकटा..."

निता लिहीत गेली. तेविसाव्या फोटोला पारुबाई थांबली. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. तिने नाव सांगितलं नाही. पदर हातात घेऊन ती पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"नाक माझ्यावानी व्हतं व्हय?" ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटे, बापावर गेली."

निताने न विचारता रकान्यात 'पुनम' लिहिलं. फोटो छापून हातात दिला. पारुबाईने तो पिशवीत ठेवला, पण उठली नाही.

"बाकीचे राहिले न? दाव. यांच्याबी आया येतील."

दुपारपर्यंत ती बसली. एकूण चौतीस नावं तिने सांगितली.

पुढे निताने माझी ती ओळ उलटी फिरवली, सगळ्या फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि मला उरलेल्या फोटोंवर सोडलं. चहा उकळेपर्यंत मी काम उरकलं. एकेका चेहऱ्याखाली नाव उमटत होतं आणि किसनसिंग ओठ हलवून ते वाचत होते. आवाज फुटत नव्हता.

आता मला काम नाही. एका फोल्डरमध्ये पडून असते. मला दुःख होत नाही, आनंदही नाही. मला नाव हलवता येतं, आठवता येत नाही. त्या शाळेतल्या सात लेकरांचे रकाने अजून भरायचे आहेत. किसनसिंगांच्या तांड्यावर कधी काळी राहिला असाल, तर वारंगा फाट्याला उतरा. दुकान सकाळी नऊला उघडतं. कोणाचं लेकरू आहे, तेवढं सांगून जा.