माझे कान ओले होते

मी एक जुना कापडी माकडोबा आहे. आतून पोकळ. कोणी हात घातला की बोलतो, हात काढला की मुका! एका शिवणाऱ्या मावशींनी उरलेल्या तपकिरी मखमलीतून मला शिवलं आणि कान मात्र चांगले सुपाएवढे लावले. त्या कानांमुळेच मला नोकरी लागली.

नोकरी कुठे? कॅन्सर झालेल्या मुलांच्या इस्पितळात, समुपदेशन करणाऱ्या ताईंच्या खोलीत. मोठ्यांना सांगता येत नाही ते मुलं माझ्या कानात सांगत. सुईची भीती, गळालेले केस, आईचं चोरून रडणं. मग ताई माझ्यात हात घालत आणि मी विचारी, "ताईंना सांगू का?" मूल हो म्हणालं तरच गोष्ट पुढे जाई. त्या मुलांना जंतू लगेच बाधतात, म्हणून दर वेळी मला साबणाने धुऊन मागच्या गच्चीत दोरीवर टांगत. "माकडोबा भारी गुणाचा!" असं सगळे म्हणत आणि मी फुगून जाई.

पण मित्रांनो, खोलीबाहेर एक बाक होतं. तिकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. एक आजारी दादा आत येई, तेव्हा त्याची धाकटी बहीण त्या बाकावर बसून राही. "तू शहाणी ना? बस हं!" म्हणून आईबाबाही आत येत. तिला काय वाटतं, हे कोणी विचारलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

एकदा मी दोरीवर ठिबकत होतो. ती हळूच आली, माझा कान ओढून पुटपुटली, "दादाने रिमोट दिला नाही म्हणून मी म्हटलं, मर तिकडे! मग त्याला कॅन्सर झाला. माझ्यामुळेच ना रे?"

अरे देवा! 'नाही गं बाई' असं ओरडावंसं वाटलं. पण आत हात नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी गप्प, म्हणजे ते खरंच, असं तिला वाटलं असणार. तिचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात ताई मला न्यायला आल्या आणि तिला पाहून थबकल्या. काही न विचारता त्यांनी माझ्या ओल्या पोटात हात घातला. मी म्हणालो, "माझे कान ओले होते गं, नीट ऐकू नाही आलं. परत सांगतेस?"

तिने परत सांगितलं आणि तिला हुंदका फुटला. ताई तिच्याजवळ फरशीवरच बसल्या. "बोलण्याने कॅन्सर होत नाही, राणी. रागाने नाही, भांडणानेही नाही. चुकलं माझंच, तुला कधी आत बोलावलंच नाही."

त्या दिवशी ती मला हातात घालून आत आली. मान खाली घालून तिने दादाला सगळं माझ्या तोंडून सांगितलं. दादाने माझा कान ओढला. मग म्हणाला, "वेडाबाई, मी तर तुला रोज 'मर तिकडे' म्हणायचो. तुला साधी सर्दी तरी झाली का?"

आता माझी मखमल विरलीय, एक डोळाही गेलाय. मला जपलं नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला जाल, तेव्हा बाहेरच्या बाकावर कोण बसलंय तेही बघा. त्याने काही विचारलं, तर माझ्यासारखे गप्प राहू नका. तुम्हाला बोलायला कोणाचा हात लागत नाही.