कपाटातलं काश्मीर

हवा ताब्यात ठेवणं ही माणसाची सर्वांत मोठी कमाई आहे, असं नझीर परकार मानत असे. रियाधमध्ये उभी हयात एसी बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेल्यामुळे असं मानायचा त्याला अधिकारही होता. बाहेर वाळू भाजून निघत असताना त्याने तिथले मॉल गार ठेवले होते, दवाखाने गार ठेवले होते, एका शेखच्या ससाण्यांची खोलीसुद्धा गार ठेवली होती. सध्या तो पनवेलच्या मोहल्ल्यात, आपल्याच घरात, एका लोखंडी कपाटासमोर गुडघे टेकून बसला होता आणि कपाट त्याचं काही ऐकत नव्हतं.

कपाट मुलीचं, सायमाचं. तिचे कपडे चादरींच्या गाठोड्यांत बांधून दिवाणाखाली सरकवले होते आणि त्यांच्या जागी ट्रेमध्ये केशराचे कंद मांडले होते. वर जांभळा दिवा. कपाटाच्या छताला भोक पाडून गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. खाली ताजी हवा आत यायला दुसरं भोक, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा. आतून सगळीकडे थर्माकोल. थर्मामीटरची वायर दाराच्या फटीतून बाहेर काढून आकडे दाखवणारी डबी हँडलला लटकवली होती. केशराला फुलायला सतरा अंशांच्या आसपास थंडी लागते. डबी एकोणतीस म्हणत होती. नझीरने ती बोटाने हळूच टकटकवली. डबी तीस म्हणाली.

हे सगळं एका वाक्यामुळे झालं होतं. सायमाचं लग्न ठरवायला मुलाचे वडील, उरणचे मुकादम, आले होते. बाजारात सुकामेव्याचं आणि केशराचं दुकान, बोलणं गोड, नजर गिऱ्हाइकाचा खिसा ओळखणारी. चहा पिता पिता ते म्हणाले, “हल्ली कुणीही उठतो आणि घरात केशर लावतो. एसी लावून काय, माझी आजीपण लावेल.” त्यावर नझीर, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणाला, “हवा कशी खेळवायची ते कळलं ना मुकादमसाहेब, की एसी लागत नाही. मंगनीचा जर्दा माझ्या घरच्या केशराचा असेल.”

जर्दा म्हणजे मंगनीला, साखरपुड्याला, करायचा तो गोड पिवळा भात. तो केशराशिवायही होतो, हे हलीमाने नवऱ्याला त्याच दुपारी सांगितलं होतं. पण मुकादमांनी तोवर सगळ्या उरणला सांगून टाकलं होतं. जाताना त्यांनी नझीरचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि म्हटलं होतं, “इन्शाल्ला, खाऊ.” त्या ‘खाऊ’मध्ये काहीतरी होतं. ते नझीरला झोपू देत नव्हतं.

“अब्बा,” दारातून सायमा म्हणाली, “उरणहून फोन होता.”

“काय म्हणतायत?”

“कपाट कसं आहे विचारतायत. माझी चौकशी नाही केली. मी बरी आहे.”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, ताप उतरत नाही.”

नझीरने पंखा काढून मोठा बसवला. गरम हवा जोरात बाहेर जाऊ लागली, पण आत येणारी हवा खोलीतलीच, आणि खोलीतली हवा ऑक्टोबरातल्या पनवेलची. ही तापलेली हवा काढून तीच आत घेण्याचा प्रकार त्याच्या ध्यानात आला, तेव्हा त्याला रियाधची आठवण झाली. तिथे एसी बंद पडला की तो वाळ्याच्या ओल्या ताट्या लावून वेळ मारून न्यायचा. कोरडी हवा ओल्या ताटीतून गेली की बर्फासारखी होऊन यायची. अरबांनी त्याची पाठ थोपटली होती. त्याने खालच्या भोकासमोर वाळ्याची ताटी बांधली, वरून थेंब थेंब पाणी सोडलं आणि हलीमाला बोलावलं.

“बघ आता.”

हलीमाने बघितलं. खोलीला वाळ्याचा छान वास आला. आकडा एका अंशाने उतरला आणि तिथेच बसून राहिला.

“वाळवंटात हवा तहानलेली असते,” नझीर म्हणाला, “पाणी पिते आणि गार होते.”

“आपली हवा पोट भरूनच येते खाडीवरून,” हलीमा म्हणाली. “इथे पापड वाळत नाही, तुम्ही काश्मीर कसलं आणताय?”

त्याने ताटी काढली नाही. माणसाने एकदा अनुभवातून शिकलेली गोष्ट सहजासहजी सोडू नये. दोन-चार दिवसांनी हलीमा कपाट पुसायला गेली आणि तिथूनच ओरडली, “अहो, तुमच्या कंदांना दाढी आलीय!”

वरचे दोन्ही ट्रे पांढऱ्या बुरशीने भरले होते. नझीरने ते उचलून गच्चीवर नेले आणि रिकाम्या हाताने खाली आला.  खालचा एकच ट्रे वाचला होता. मंगनी पुढच्या आठवड्यात होती. जेवताना त्याचा हात ताटात होता आणि मान कपाटाच्या खोलीकडे. कुठेही पंख्याचा आवाज बदलला की तो उठत होता. एकदा लाईट गेली तर कपाट उघडून पुठ्ठ्याने वारा घालत बसला. हलीमाला त्याच्याकडे बघून वाटलं, सायमाला गोवर आला होता तेव्हाही हा असाच बसला होता. फरक एवढाच, की तेव्हा तो रियाधला होता आणि फोनवर बसला होता.

“मुकादमांना खरं सांगून टाका,” ती म्हणाली. “हसतील आणि विसरतील.”

“हसतील ते खरं. विसरायचे नाहीत. आयुष्यभर आपली पोरगी त्या घरात ‘केशरवाल्याची मुलगी’ म्हणून जेवणार.”

 एवढं मात्र हलीमालाही खरं वाटलं.

तेवढ्यात दारात काशीराम आला. काशीराम उरणजवळच्या करंजाचा. बंदरावरून मासळी आणून मोहल्ल्यात घरोघरी पोचवायचा. नझीरचं लक्ष पापलेटांकडे गेलंच नाही. ते पापलेटांखालच्या बर्फाकडे गेलं.

“काशीराम, बर्फ मिळेल? रोज?”

“बरफ काय, मिलंल. मावरा कंचा ठेवाचा हाय?”

“मावरा नाही. केशर.”

काशीरामने हलीमाकडे पाहिलं. हलीमाने छताकडे पाहिलं.

“नझीरभाय, आदीच सांगतो, ह्यो मावऱ्याचा बरफ हाय. पेटीबी मावऱ्याची. वास नाय जायाचा. मंग मना बोलू नका.”

“बर्फ म्हणजे एसी नव्हे ना?” नझीरने विचारलं.

“आमच्याकडं तरी नाय,” काशीराम म्हणाला.

नझीरला एवढंच पाहिजे होतं. ताटी गेली. तिच्या जागी, खालच्या भोकाला लागून, करंजाची थर्माकोलची पेटी आली. पंखा हवा ओढू लागला, हवा बर्फावरून येऊ लागली आणि आकडा उतरू लागला. पंचवीस. एकवीस. अठरा. नझीर हँडलला धरून उभा होता. सतरावरही तो हँडल सोडेना, तेव्हा सायमाने तिथेच पाणी आणून दिलं.

काशीराम रोज सकाळी बर्फ टाकू लागला. आणि मंगनीच्या आदल्या दिवशी फुलं आली. जांभळी, नाजूक, मधून लाल तंतू लोंबणारी. मोजकीच होती, पण होती. नझीरने चिमट्याने तंतू खुडले, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवले, वाटीभर कोमट दुधात भिजवले. दूध सोनेरी झालं. मग त्याने वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि परत नेली.

“सायमा, इकडे ये. कसला वास येतो?”

“केशराचा.”

“आणि?”

सायमाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. “केशराचाच, अब्बा.”

“हलीमा?”

हलीमाने वास घेतला. “उद्याचं उद्या बघू,” असं म्हणून तिने वाटी झाकली आणि फ्रिजमध्ये ठेवली. “सकाळी बावर्चीला मीच देते. तुम्ही तिथे लुडबुड करू नका.”

दुसऱ्या दिवशी मंगनी व्यवस्थित झाली, असं नंतर सगळे म्हणाले. नझीरला त्यातलं काही आठवत नाही. अंगठी कुणी कुणाला घातली, दुआ कुणी केली, मुलाने शेरवानी कुठल्या रंगाची घातली होती. त्याला फक्त दस्तरखान आठवतं आणि मुकादमांपुढे सरकवलेली जर्द्याची बशी. भात झगझगीत पिवळा होता.  बाजूला कुणीतरी त्याला मटण वाढत होतं आणि तो नको नको म्हणत होता, मटण वाढून झाल्यावरही.

मुकादमांनी बशी उचलली. नाकाखालून नेली.  मुकादमांनी घास तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि बायकांच्या बाजूचे आवाजसुद्धा बंद झाल्यासारखे नझीरला वाटले.

“नझीरभाई,” मुकादम डोळे उघडून म्हणाले, “मानलं. उभी जिंदगी मी केशर विकतोय. हा रंग असा बनवता येत नाही. याला जमिनीतून यावं लागतं.”

कंद ट्रेमध्ये कोरडेच ठेवले होते, मातीचा त्यांच्याशी संबंध आला नव्हता, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. मुकादमांनी उठून गळामिठी दिली. उरणच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने दुसऱ्यांदा बशी पुढे केली. नझीरच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने मटणावर ढकललं.

हात धुवायच्या निमित्ताने तो आत गेला. हलीमा ओट्याशी पातेल्यांवर झाकणं घालत होती.

“ऐकलंस? वास आला नाही त्यांना. अजिबात नाही.”

“कसा येईल?” हलीमा म्हणाली. “फ्रिज उघडा.”

त्याने फ्रिज उघडला. वाटी कालच्या जागी होती, काल झाकली होती तशीच.

“पोरीच्या मंगनीच्या जर्द्याला मासळीचा वास, हे माझ्याच्याने झालं नाही,” ती म्हणाली. “रागावायचं तर पाहुणे गेल्यावर रागवा.”

“मग रंग?”

“बावर्चीने आणला होता.”

ओट्यावर कांद्याच्या सालींत एक फाडलेलं छोटं पाकीट पडलं होतं. नझीरने ते उचलून चष्मा वर करून वाचलं. वर ‘खाद्यरंग, पिवळा’ असं होतं. खाली दुकानाचा शिक्का होता: मुकादम ड्रायफ्रूट्स, बाजारपेठ, उरण.