सुंदरबाईंची डोण

नेकनुरात मी, दीपमाला, आशा ताई आहे, म्हणजे गावची आरोग्यसेविका. गुरुवारी कोरडा दिवस. घरोघर फिरून साठवलेलं पाणी ओतून द्यायला लावायचं, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होत नाहीत. लोक तोंडावर हो म्हणतात आणि माझी पाठ वळली की विसरतात. माझं डोकं फिरतं ते यानंच.

त्या दिवशी सुंदरबाई मावशींच्या परसात गेले, तर गुरांची दगडी डोण काठोकाठ भरलेली. गुरं विकून दोन वर्षं झाली!

"मावशी, हे कावून भरून ठेवलं?"

"असू दे गं दीपमाला. हात नको लावू, आत जीव हायेत."

"जीवच तर नकोत!"

वाकून पाहिलं, काळं काळं वळवळत होतं. गेल्याच महिन्यात गल्लीत दोघांना डेंगू झालेला. मी कशाला ऐकतेय? डोणीच्या तळाचा बोळा खसकन उपसला.

पाणी फरशीवर पसरलं आणि मी थिजलेच. अळीला कुठं पाय असतात? यांना मागं दोन-दोन बारीक पाय होते, वर शेपूट. बेडकाची पिल्लं! शंभर तरी असतील. डोणीखालच्या ओलीतून नखाएवढे बेडूक टणाटण उड्या मारत माझ्या चपलेवर आले, साडीच्या काठावर चढले. एक सापसुरळी पायाजवळून सळकन गेली. उन्हानं तापलेल्या फरशीवर पिल्लं तडफडत होती. सात वर्षं गावाला अळ्या ओळखायला शिकवतेय मी, आणि मलाच कळू नये? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाणी आणा मावशी, पाणी!"

बोळा परत ठोकला. पिल्लं ओंजळीत गोळा केली, पण सोडू कुठं? डोण कोरडी.

"नळ मंगळवारी येणार हाय," मावशी म्हणाल्या. चिडल्या होत्या की रडू आवरत होत्या, मला समजेना. त्या घरात गेल्या, कमरेवर हंडा घेऊन आल्या आणि सगळाच्या सगळा डोणीत ओतला. मी ओंजळ आत सोडली. थोडी पिल्लं हलली. बरीच हललीच नाहीत.

मग माझं लक्ष हंड्याकडं गेलं. त्याच्या तोंडाला गाळायचं फडकं बांधलेलं होतं.

"मावशी, हे तर प्यायचं पाणी! घरात दुसरं हाय का?"

"न्हाई."

"मग तुमी काय पिणार?"

त्यांनी रिकामा हंडा माझ्या हातात दिला.

"हापसा वेशीपाशी हाय. आदी ह्यांच्यासाठी आन, मंग माझ्यासाठी."